धाकटीची वही

कापणी लागली हे मला कॅलेंडर सांगत नाही, स्पिरिट सांगतं. सकाळच्या ड्यूटीवर पहिल्या पेशंटचा हात पुसायला बोळा उचलावा आणि आपलीच बोटं झोंबावीत, की समजायचं, खाचरात विळा चालू झाला. भाताची पात दिसायला मऊ, पण तिला करवतीचे दात असतात. आदल्या संध्याकाळी दोन तास वाकलं की बोटांवर, मनगटांवर बारीक चिरे पडतात. तेव्हा कळतही नाहीत. सकाळी स्पिरिट लागलं की एकेक मोजून घ्यावा. बरं, ‘आई गं’ म्हणायची सोय नाही. समोरचा माणूस सुई बघूनच अर्धा झालेला असतो, त्यात सिस्टरच ओरडली तर तो खाटेवरून उडी मारून घरी जायचा.

या आठवड्यात बोटं झोंबली. कुरवंड्यात आमच्या घरामागं नागफणीचा कडा आहे, आणि कडा नि घर यांच्यामध्ये आमची चार खाचरं. सकाळी धुकं त्यांत असं बसलेलं असतं, की बांधावरून चालणारं माणूस कमरेच्या वरच तेवढं दिसतं. नऊच्या पुढं ऊन पडलं की ओंब्यांवरचं दव वाळतं आणि वास सुटतो. इंद्रायणी भाताचा वास. त्याबद्दल लोक फार बोलतात. तुंगार्लीतल्या बंगल्यांवर उतरणारे पाहुणे पिशव्या भरभरून तांदूळ नेतात आणि म्हणतात, काय हो सुगंध! त्यांना या वासानं भूक लागत असेल. मला हेवा आठवतो.

हो, हेवाच. मी जात्याच जळकी. लहानपणी मावसबहिणीच्या वेण्या माझ्यापेक्षा लांब होत्या, म्हणून मी तिच्या डोक्यात उवा झाल्याची बातमी उठवली होती. नर्सिंगच्या होस्टेलवर कुणाला घरून लाडूंचा डबा आला की माझं पोट दुखायचं, आणि लाडू खाऊनसुद्धा ते थांबायचं नाही. पण ही सगळी किरकोळ दुखणी. मोठं दुखणं झालं ते दोन वर्षांपूर्वीच्या कापणीत. माझ्याच घरात, माझ्याच धाकट्या जावेपायी.

लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या अंगाला एक तीस खाटांचं हॉस्पिटल आहे. घाटात गाडी घसरलेले, धबधब्यावर पाय घसरलेले, आणि हवा बदलायला येऊन पोट बिघडवून घेतलेले असे सगळे आमच्याकडं येतात. तिथं मी वॉर्डची इन्चार्ज. अश्विनी माझ्या धाकट्या दिराची बायको, माहेर इंदुरीचं, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. लग्न होऊन आली तेव्हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेला होता, माझ्यासारखाच. नोकरीला मीच तिला आमच्याकडं लावलं. आडनाव एकच, म्हणून पेशंटांनी आम्हाला नावं पाडली, थोरल्या सिस्टर नि धाकट्या सिस्टर. मला ते फार आवडायचं. घरात थोरली म्हणजे सगळ्यात आधी उठणारी. इथं थोरली म्हणजे खरोखर थोरली.

सुरुवातीला सलाइन लावायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. सुई हातात घेऊन ती पेशंटच्या हाताकडं अशी बघत बसायची, की पेशंटलाच तिची दया यायची. मी तिला म्हटलं, ‘अगं, शीर डोळ्यांनी नाही शोधायची, बोटानं शोधायची. मीट डोळे. बोटाखाली उसळली की तीच.’ महिनाभर मी तिच्या मागं उभी राहिले. ती शिकली, आणि चांगली शिकली. इतकी चांगली शिकेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, नाहीतर खरं सांगते, मी महिनाभर उभी राहिले नसते.

मग एका जूनमध्ये जेवताना तिनं सांगितलं, ‘ताई, मी डिग्रीला नाव घातलंय.’ नोकरी करता करता घरबसल्या मोबाइलवर तास ऐकायचे, महिन्यातून दोन रविवार पुण्याला केंद्रावर जायचं, हॉस्पिटलात केलेल्या कामांची वही भरायची, परीक्षा द्यायची, आणि दोन वर्षांत बी.एस्सी. नर्सिंग. मी म्हटलं, ‘अगं वा!’ आणि मला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठसका लागला. मिरची लागली असं मी सगळ्यांना सांगितलं. आमटीला त्या दिवशी मिरची नव्हती.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या म्हणजे चार पावसाळे जास्त पाहिलेली, शब्दाला धार असलेली बाई. या आत्या सकाळी उठून अश्विनीच्या हातात चहाचा कप द्यायला लागल्या. ‘पी गं बाय, डोस्क्याचं काम लय वंगाळ.’ मी या घरात आल्यापासून मला आत्यांच्या हातचा चहा दोनदा मिळाला. एकदा मुलगा झाला तेव्हा, एकदा मुलगी झाली तेव्हा. मुलीच्या वेळी साखर कमी होती.

पुढं पुढं तर आत्याही तिचं मोठ्यानं वाचणं येता-जाता ऐकायला लागल्या. एक दिवस नळावर मी माझी कळशी भरत होते, आणि आत्या बायकांना सांगत होत्या, ‘मूत्रपिंडं दोन असत्यात. येक बिघाडलं तर दुसरं चालतंया. आमच्या धाकटीनं सांगितलं.’ बायका तोंडाचा आ करून ऐकत होत्या. मी या बाईच्या घरात सोळा वर्षं नर्स होते तेव्हा. सोळा वर्षांत त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, की पोरी, माणसाच्या पोटात असतं तरी काय काय? कळशी भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही.

कारण डिग्री मलाही करायची होती. तेव्हा मोबाइलवर तास नव्हते, पोस्टानं पुस्तकं यायची. माझी मुलगी दोन वर्षांची होती. मी फॉर्म आणला, फोटो चिकटवला, मेट्रनबाईंचा दाखला जोडला. शेवटची तारीख नेमकी कापणीत आली. फॉर्म पुण्याला नेऊन द्यायचा होता, आणि त्याच दिवशी आमच्या खाचरावर सावड होती. सावड म्हणजे आज सगळी वाडी तुमच्या भातात, उद्या तुम्ही त्यांच्या. मजुरी नाही की काही नाही, माणसाला माणूस द्यायचं. आपल्याच खाचरावर आपल्याच घरचं माणूस कमी दिसलं तर गावात वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. आत्या म्हणाल्या, ‘कागूद काय पळून जातुया व्हय? भात गळाया लागलंय. लोक येत्याल नि घरची सून कुटं म्हनत्याल, तवा मी काय सांगू?’ आमचे हे म्हणाले, ‘पुढच्या वर्षी बघू.’

मी विळा घेतला. दुपारी चारला, पुण्यातली खिडकी बंद होत असेल तेव्हा, मी चौथ्या खाचराच्या कोपऱ्यात होते. पुढच्या वर्षी सासरे अंथरुणाला खिळले. त्याच्या पुढच्या वर्षी मी फॉर्मचं नाव काढलं नाही. त्यावरचा फोटो तेवढा ओला करून सोडवून घेतला आणि मुलीच्या शाळेच्या अर्जावर पालकाचा म्हणून लावला. फोटोत मी फार हुशार दिसते.

आता दोन वर्षांपूर्वीची कापणी सांगते. कुरवंड्यात आमच्या आळीला मोबाइलची रेंज नाही. ती एकाच जागी येते, चढावरच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. मंगळवारी आमच्या खाचरावर सावड, आणि अश्विनीचा सकाळचा तास. ती टाकीवर जाऊन बसली. डोक्यावर छत्री, कानात वायरी, मांडीवर वही. आमच्या खाचरात कुठूनही मान वर केली की ती दिसायची. मान खाली घातली तरी ती तिथं आहे हे मला कळायचं. मधूनच तिचा आवाज यायचा, ‘मॅडम, ऐकू येत नाहीये, मॅडम!’ वीस माणसं भातात वाकलेली, आणि ही वर बसून मॅडम मॅडम करतेय.

खालच्या आळीच्या एका मावशींनी कंबर सरळ करत विचारलं, ‘कोन गं बसलीया तितं छत्री घिऊन?’

‘आमची धाकटी,’ आत्या म्हणाल्या. ‘शिकतीया.’

‘आनि भात?’

‘भाताचं काय? थोरली हाय की.’

थोरली हाय की! मला काय झालं ते सांगता येत नाही. ज्या बाईला लोक काय म्हणतील म्हणून माझा फॉर्म पेटीत गेला, तीच बाई आज लोकांच्या तोंडावर सांगत होती, शिकतीया. मी आत्यांना तिथंच म्हटलं, ‘माझ्या वेळी नाही हो आत्या असं म्हणालात.’ त्या म्हणाल्या, ‘तवा मला काय कळत व्हतं?’ आणि भाताच्या पुढच्या चुडाला हात घातला. झालं. माझ्या सगळ्या वर्षांचा हिशेब तेवढ्यात मिटला त्यांच्यापुरता.

बारा वाजता तास संपला आणि अश्विनी धावत खाली आली. ओढणी कमरेला बांधली, विळा घेतला, आणि माझ्या शेजारची ओळ धरली. ‘ताई, तुम्ही बसा जरा, तुमचीही ओळ मी घेते.’ मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘नको गं, मला सवय आहे.’ माझी फार इच्छा होती, की तिनं जरा तोरा दाखवावा, कंबर धरून बसावं, ऊन लागतं म्हणावं, म्हणजे मला सरळसरळ रागावता आलं असतं. पण तेही नाही. ती गाणं गुणगुणत कापत होती. अशा माणसाचा हेवा करणं म्हणजे फार कष्टाचं काम, कुणाची मदत होत नाही.

बुधवारी हॉस्पिटलात तिनं एक वही माझ्या हातात ठेवली. निळ्या पुठ्ठ्याची, जाडजूड. प्रत्येक पानावर तिनं केलेलं एक काम लिहिलेलं होतं, शीर धरून सलाइन लावणं, जखम बांधणं, नाकातून नळी घालणं, बाळंतिणीची तपासणी. तारीख, पेशंटचं वय, आणि पानाच्या तळाला देखरेख करणाऱ्याच्या सहीची जागा. शेहेचाळीस पानं. ‘ताई, यावर तुमच्या सह्या हव्यात. तुमच्या वेळेनं करा.’

‘करते की,’ मी म्हटलं, आणि वही लॉकरमध्ये टाकली.

पुढच्या शनिवारी पुण्याला वह्या जमा करायच्या, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. टाकीवरून येताना ती आत्यांना तेच सांगत होती. शेहेचाळीस सह्यांना अर्धा तास पुरला असता. वही नऊ दिवस माझ्या लॉकरमध्ये राहिली. मी रोज लॉकर उघडत होते, वहीवरच डबा ठेवत होते, वहीवरून डबा उचलत होते. पहिले दोन दिवस मी स्वतःला सांगितलं, कापणी आहे, वेळ नाही. तिसऱ्या दिवसापासून तेही सांगायचं सोडलं. तिचं वाटोळं व्हावं असं मला वाटत नव्हतं, शपथेवर सांगते. नापास व्हावी असंही नाही. तिला फक्त एकदा कुणीतरी ‘पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणावं, आणि ते ऐकताना तिचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं. एक वर्षच तर मागं पडेल. माझी तर सगळीच गेली.

मधे एकदा तिनं विचारलं, ‘ताई, वही बघितलीत का?’

‘अगं, कापणीचे दिवस. हात रिकामे आहेत कुठं?’

‘हो, खरंच की,’ ती म्हणाली, आणि ट्रे घेऊन गेली. परत विचारलं नाही. तिनं रडावं, आत्यांना मधे घालावं, निदान तोंड तरी वाकडं करावं, म्हणजे मी त्याच क्षणी सह्या ठोकल्या असत्या. पण ही आपली हसतमुख. मला वाटलं, हिला गर्व आहे. मला विनवायला कमीपणा वाटतो हिला. असं एक कारण सापडल्यावर मला पुष्कळ बरं वाटलं.

शुक्रवार उजाडला, शेवटचा दिवस. दुपारी एक आबा आले, सत्तरीच्या पुढचे, जुलाबांनी पार वाळून गेलेले. अशा माणसाच्या शिरा आत पळतात. नव्या सिस्टरचं तीनदा टोचून झालं, मग मला बोलावलं. मी वाकले, त्यांचा हात हातात घेतला, आणि बोट फिरवलं. काही लागेना. पंधरा दिवस भात कापून माझ्या बोटांची पार चाळण झालेली. कातडीला खालचं काही कळतच नव्हतं. तरी अंदाजानं टोचलं. चुकलं.

‘पोरींनो, जीव घ्येता का काय माजा?’ आबा कळवळले. ‘चार भोकं पाडली की गं!’

मी अश्विनीला हाक मारली. तिच्या बोटांवर चार-दोनच चिरे. टाकीवर बसणाऱ्याची बोटं शाबूत राहतात, हेही मनात आलंच. ती स्टुलावर बसली, आबांच्या कोपराखाली गरम टॉवेल ठेवला, आणि डोळे मिटून बोट फिरवायला लागली. हळूच, माझ्यासारखंच, डावीकडून उजवीकडं. थांबली, आणि सुई आत. रक्त दिसलं. सलाइन पडायला लागलं.

‘हिला येतंय,’ आबा म्हणाले. ‘कुनाच्या हाताखाली शिकलीस गं बाय?’

तिनं माझ्याकडं बोट केलं. ‘ह्यांच्या. ह्या आमच्या थोरल्या सिस्टर.’

आबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘ह्यांच्या? ह्यांनी तर आत्ताच मला भोसाकलं!’

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. मग मी सरळ लॉकरकडं गेले आणि वही काढली. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे, खोटं कशाला बोलू. चारचौघांत तिनं माझं नाव घेतलं आणि माझं पोट भरलं. मी अशीच आहे, दोन गोड शब्दांत विकली जाणारी. खुर्चीत बसून मी शेहेचाळीस सह्या केल्या. प्रत्येक सहीबरोबर बोट ठणकत होतं, आणि मला वाटत होतं, बघा, किती मोठ्या मनाची बाई आहे ही.

वहीवर शिक्का हवा म्हणून मी ती मेट्रनबाईंच्या खोलीत नेली. त्यांनी चष्मा लावला, दोन पानं उलटली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

‘हे काय आणलंस?’

‘अश्विनीची वही. उद्या जमा करायचीय ना.’

‘ती तर मागच्या आठवड्यातच गेली. माझ्या सहीनं. आणि तुझी सही कशी चालेल गं? तुझा डिप्लोमा. पहिलं पान नाही वाचलंस?’

त्यांनी पहिलं पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, नियम. त्यातला तिसरा, देखरेख करणारी व्यक्ती पदवीधर असावी. मी ते पान उघडलंच नव्हतं. आम्हा नर्सेसची ती खोड आहे. फाइल हातात आली की सहीची जागा शोधायची, वरचं वाचायचं नाही. नऊ दिवस मी त्या वहीवर नागासारखी बसले होते, आणि तिच्यात राखण्यासारखं काही नव्हतंच. म्हणजे बघा, वाईट करायलासुद्धा शिक्षण लागतं, आणि माझं तेवढं नव्हतं.

अश्विनी ड्रेसिंगच्या खोलीत कापसाचे बोळे करत होती. मी वही टेबलावर ठेवली. ‘माझी सही चालत नाही, हे तुला माहीत होतं?’

‘हो ताई.’

‘मग माझ्याकडं कशाला दिलीस?’

‘दोन वह्या असतात. जमा करायची मेट्रन मॅडमनी करून दिली. ही माझ्याजवळ ठेवायची.’ ती बोळे करायची थांबली. ‘मॅडमनी सह्या केल्या, पण त्यांनी मला कधी सलाइन लावताना बघितलंय का? हे सगळं शिकवलं तुम्ही. म्हणून मला माझ्या वहीवर तुमची सही हवी होती.’

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, ‘कामात राहून गेलं गं इतके दिवस.’

‘चालायचंच. कापणी होती,’ ती म्हणाली.

त्या घटकेला मी तिच्यावर जेवढी जळले, तेवढी आधीच्या नऊ दिवसांत मिळून जळले नव्हते. डिग्रीचा हेवा परवडला, अभ्यास करून ती मिळवता तरी येते. पण मी वाईट आणि ही चांगली, असा सरळ निकाल लागल्यावर माणसानं जायचं कुठं? मनात म्हटलं, एवढी चांगली कशाला आहेस गं बाई, थोडं तरी शिल्लक ठेवायचं होतंस माझ्यासाठी. आणि ते ‘राहून गेलं’ माझ्या घशात अडकून राहिलं. एका ताटात जेवायचं, एका वॉर्डात काम करायचं, आणि रोज ते गिळायचं.

असं दोन वर्षं चाललं. ती परीक्षेला बसली, पास झाली, पहिल्या वर्गात पास झाली. निकालाच्या दिवशी वॉर्डात पेढे मी वाटले. मोठमोठ्यानं, ‘घ्या हो घ्या, आमची धाकटी बी.एस्सी. झाली!’ जळणारं माणूस नेहमी जरा जास्तच टाळ्या वाजवतं, हे तुम्हीही बघून ठेवा. आता मेट्रनबाईंच्या हाताखाली तिला नवी जागा मिळाली आहे, वॉर्डातल्या मुलींना शिकवायची. पुढच्या महिन्यात पदवीदान. आत्यांनी त्यासाठी नवीन लुगडं काढून ठेवलंय आणि मला चारदा बजावलंय, ‘तू बी चल. थोरली पायजे.’

आणि या आठवड्यात परत कापणी. परवा आमच्या खाचरावर सावड झाली. आत्यांचे गुडघे गेलेत, त्या बांधावर बसून हुकूम सोडत होत्या. बाकीच्या बायका पुढच्या खाचरात होत्या. मी आणि अश्विनी दोघीच एका ओळीत. ऊन चढलं होतं, भाताचा वास दाटला होता, आणि माझी बोटं नेहमीसारखी चिरत होती. मला काय झालं कोण जाणे. कदाचित पदवीदानाला तिच्याशेजारी बसायचं, फोटोत यायचं, ते त्या खोट्यासकट जमेना.

‘अश्विनी.’

‘काय ताई?’

‘ती तुझी वही मी विसरले नव्हते. मुद्दाम ठेवली होती. तुझं वर्ष जावं म्हणून.’

तिचा विळा थांबला नाही. तिनं मूठभर भात कापला, बाजूला नीट मांडला, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. मला वाटलं, आता म्हणेल ‘चालायचंच’, आणि मी मरेन.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘मी नवीन होते तेव्हा तुम्हाला टायफॉइड झाला होता. आठवतंय? तीन आठवडे घरी होतात.’

‘हो.’

‘तुम्ही आणखी तीन आठवडे उठू नये असं मला वाटत होतं.’

मी विळा खाली ठेवला. ‘का गं?’

‘तुम्ही असलात की पेशंट मला हात लावू देत नव्हते. थोरल्या सिस्टरना बोलवा, थोरल्या सिस्टरना बोलवा. मी इतकी जळायचे तुमच्यावर ताई, की तुमच्यासाठी पेज करायचे ना मी, तिच्यात दोन दिवस मीठ घातलं नाही. मुद्दाम.’

‘अगं, मला वाटलं तापानं तोंडाची चव गेली!’

‘तुम्ही तसं म्हणालात तेव्हा मला हसू आवरेना. मी चुलीकडं तोंड करून बसले.’

मला हसावं की तिच्या पाठीत धपाटा घालावा ते कळेना. मग दोन्ही केलं. देवाशपथ सांगते, इतकं हलकं मला माझ्या दोन्ही बाळंतपणांनंतरसुद्धा वाटलं नव्हतं. मेली माझ्यासारखीच होती की! दोन वर्षं मी हिला देव्हाऱ्यात बसवून जळत होते, आणि ही बाई टायफॉइडच्या पेशंटच्या पेजेतलं मीठ काढत होती.

‘फॉर्म सुटलेत डिग्रीचे,’ ती परत वाकून कापता कापता म्हणाली. ‘भरा आता.’

‘माझं वय बघ.’

‘वयाची अट नाही. मी पहिलं पान वाचलंय.’

हे बोलणं मला झोंबलं, पण हक्कानं झोंबलं. मी म्हटलं, ‘आणि माझ्या वहीवर सह्या कोण करणार?’

‘मी करीन. माझी चालते आता.’ तिनं मान वर न करता पुढची मूठ धरली. ‘पण आधी नऊ दिवस लॉकरमध्ये ठेवीन.’

नऊ. हा आकडा मी तिला कधी सांगितला नव्हता. घरात कुणालाच सांगितला नव्हता. म्हणजे त्या कापणीत, हसतमुखानं ट्रे घेऊन फिरताना, ही बयासुद्धा एकेक दिवस मोजत होती.

‘ए भवान्यांनो!’ बांधावरून आत्या ओरडल्या. ‘तोंडं चालवताय का इळं? लोकांचं खाचार सपत आलं!’

आम्ही दोघी खाली वाकलो. मी मुकाट्यानं कापायला लागले, आणि बघते तर ती माझ्या दोन हात पुढं गेलेली. लगेच माझ्या पोटात जळायला लागलं, आणि मी विळा जोरात चालवला.